वैनगंगेकाठचे ओटाकू

तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे डीपी एकदा सावकाश बघा. गोकू, लुफी, इटाची, तांजिरो, यांतलं कुणी ना कुणी सापडेलच. मागच्या बाकावरच्या एखाद्या वहीच्या शेवटच्या पानावर डोळ्यांना पट्टी बांधलेला गोजो असेल, बॉलपेनने काढलेला, आणि खरं सांगायचं तर बराच चांगला काढलेला. कॉलेज गडचिरोलीचं असो, ब्रह्मपुरीचं असो, की अहेरी-राजुऱ्याचं. आता दुसरा प्रश्न. हे पोट्टे-पोट्टी एकमेकांना ओळखतात का? डीपीवाल्याला वहीवालीबद्दल ठाऊक आहे का? बहुतेक ठिकाणी नाही. प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये एकटाच फॅन आहे.

१२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ भारतातल्या थिएटरांत लागला. मोठ्या शहरांत पहाटे पाच-सहाचे शो लावले गेले आणि त्यांनाही गर्दी झाली. मग नेहमीप्रमाणे लेख आले, रील्स आल्या : भारतात ॲनिमेची लाट. क्रंचीरोल या कंपनीने त्याआधीच रश्मिका मंदाना आणि टायगर श्रॉफ यांना जाहिरातीत उतरवलं होतं. म्हणजे इथे पैसा आहे हे त्यांना कळलंय. पण या लाटेचा नकाशा काढला तर तो मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबादच्या पुढे फारसा सरकत नाही. आपण त्यात असतो ते ‘व्ह्यू’ म्हणून. बघणाऱ्यांच्या आकड्यातला एक आकडा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या फॅनची खरी अडचण हीच आहे, असं माझं मत. ॲनिमे बघायला मिळत नाही ही तक्रार आता फार थोड्या गावांत उरली आहे. अडचण भेटण्याची आहे. आणि बघणाऱ्याच्या पलीकडे काही होण्याची.

(‘ओटाकू’ हा शब्द कुणाला नवीन असेल तर : एखाद्या छंदात पार बुडालेला माणूस. जपानमध्ये हा शब्द बरीच वर्षं टोमणा म्हणूनच वापरला गेला. आपल्याकडे ‘येडा झाला बे हा’ म्हणतात, जवळपास तसा.)

आधी मोगली आला

ॲनिमे म्हणजे आजच्या पोरांचं खूळ, असं घरी कुणी म्हणालं तर त्यांना मोगलीची आठवण करून द्या. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर लागणारी ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली बनवली होती, ५२ भागांची. हिंदीत आणताना शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे तुमच्या आईबाबांनी तुमच्याआधी ॲनिमे बघितलाय. ते त्याला कार्टून म्हणायचे, एवढंच.

यात आपल्यासाठी एक खास गंमत आहे. किपलिंगच्या पुस्तकातलं जंगल सिवनीचं, आणि त्यातली नदी वैनगंगा. तीच वैनगंगा सिवनी, बालाघाट, भंडारा करत खाली येते, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. एका इंग्रज लेखकाने ही नदी पुस्तकात घातली, जपानी चित्रकारांनी ती काढली, आणि हिंदी बोलत ती पुन्हा आपल्याच घरातल्या टीव्हीवर आली. ज्या गावांत वाघ खरोखर गोठ्यापर्यंत येतो, जिथे मोहफुलं नि तेंदूपानं वेचायला जाणारी बाई जीव मुठीत धरून जाते, तिथल्या पोरांनी वाघ बोलताना ऐकला तो नानांच्या आवाजात.

त्याच काळात युगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा भारत-जपान चित्रपटही तयार झाला होता. तो देशभरातल्या थिएटरांत लागायला मात्र २४ जानेवारी २०२५ उजाडला. तीस वर्षं. ॲनिमेच्या बाबतीत भारतात वाट बघणं नवीन नाही.

माझी पिढी कार्टून नेटवर्कची. ‘ड्रॅगन बॉल झी’, मग २००३ पासून ‘पोकेमॉन’. २००४ ला ॲनिमॅक्स नावाचं चॅनेल भारतात आलं असं ऐकून होतो, आमच्या केबलवाल्याकडे ते कधी दिसलं नाही. शिनचॅन २००६ ला हंगामावर आला, त्याच्या वात्रटपणामुळे २००८ ला सरकारने बंद केला, पुढे सोज्वळ होऊन परतला. या सगळ्यात भारनियमन होतंच. जिल्ह्यात महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा आमचा, धूर आमच्या छातीत, आणि गोकूचे केस सोनेरी व्हायला लागले की नेमकी लाइट जायची. पुढच्या भागात काय झालं हे शाळेत कुणीतरी सांगायचं, आणि ज्याच्या घरी इन्व्हर्टर तो त्या आठवड्याचा राजा.

पुढचा टप्पा तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. बसस्टँडजवळचं मोबाईलचं दुकान, मेमरी कार्ड, ‘डाउनलोडिंग करून मिळेल’ची पाटी. चार जीबीच्या कार्डात ‘नारुतो’चे भाग उलटसुलट क्रमाने भरलेले, खाली कुणा अनोळखी फॅनने केलेली इंग्रजी सबटायटल्स. अनेकांचं इंग्रजी शाळेत कमी नि तिथे जास्त सुधारलं. कायद्याच्या भाषेत हा चोरीचा माल होता. पण चोरीची नसलेली वाट आपल्याकडे होती तरी कुठे? २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२२ मध्ये क्रंचीरोलने भारतात महिन्याला ७९ रुपये दर केला, नेटफ्लिक्सवर २०२० पासून स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट आले. आता कायदेशीर वाट आहे, आणि ज्याला परवडते त्याने तीच धरावी असं मी म्हणेन. एवढं मात्र ध्यानात असू द्या की कंपन्यांना आज दिसणारा ‘बाजार’ त्या मेमरी कार्डवाल्या पोरांनी, कुणी न विचारता, न मोजता, आधीच उभा केला होता.

आणि अजूनही काही ठिकाणी हे सगळं पावसावर अवलंबून आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या आश्रमशाळेतल्या पोराला ‘नवा एपिसोड शुक्रवारी’ या वाक्याचा अर्थ तुमच्या-माझ्यासारखा लागत नाही.

सिरोंच्यात चालेल, धानोऱ्यात नाही

आता भाषेचं बघा. ‘इन्फिनिटी कॅसल’ भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत लागला. मराठी त्यात नव्हती. कारण सगळ्यांना माहीत आहे : मराठी माणूस हिंदीत बघतो, मग वेगळा खर्च कशाला.

गडचिरोली जिल्ह्यात याचा एक अजब परिणाम होतो. सिरोंचा तालुक्यात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. तिथल्या पोरीला तांजिरो तिच्या आजीच्या भाषेत ऐकता येतो, आजीला शेजारी बसवून दाखवता येतो. तिथून वर वडसा-आरमोरीकडे या, तर झाडीबोली बोलणाऱ्या घरात तो हिंदी बोलतो. धानोरा, एटापल्लीत गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या घरात तर तो दुप्पट परका. एकाच जिल्ह्यात एकच नायक कुणाच्या घरचा, कुणाचा पाहुणा. कंपनीच्या हिशोबात सिरोंचा कुठेही नसेल. तेलुगू डब हैदराबाद-विजयवाड्यासाठी झाला, प्राणहितेच्या काठापर्यंत तो आपसूक आला.

मराठी डबिंगसाठी लगेच मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. पण मागणी केल्याने काहीच होत नाही, हेही खरं नाही. २०१९ साली एका भारतीय फॅनने माकोतो शिंकाईचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लावा म्हणून ऑनलाइन अर्ज सुरू केला. पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या. शिंकाईंपर्यंत ते पोहोचलं, ११ ऑक्टोबर २०१९ ला चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागला आणि त्या निमित्ताने दिग्दर्शक स्वतः भारतात आले. मोठ्या कंपनीच्या बाजार-पाहणीतून हे झालेलं नाही. एका मुलाच्या हट्टातून झालंय. पुढे ‘सुझुमे’ आला, ‘डेमन स्लेअर’ आला, त्यांची वाट तिथून मोकळी झाली.

बल्लारशाहून रात्रीची गाडी

तर मग कॉन. कॉमिक कॉन इंडिया २०११ ला दिल्ली हाटमध्ये सुरू झालं. आता मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत ते भरतं. महाराष्ट्रात आहे म्हणून मुंबई-पुणे आपल्याला जवळचं वाटतं, पण नकाशा काढून बघा. चंद्रपूरहून मुंबई साधारण नऊशे किलोमीटर. बल्लारशाहून सिकंदराबाद साडेतीनशे-चारशे. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन असल्याने रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. आपल्यासाठी घरचं कॉन म्हणजे हैदराबादचं. गडचिरोलीकराला आधी बल्लारशाह गाठावं लागतं ते वेगळं. त्याच्या जिल्ह्यात आजवर रेल्वे थांबते ती एका वडशाला.

मीही तसाच गेलो होतो, दोन मित्रांसोबत, जनरलच्या डब्यात, एकाच्या मांडीवर पुठ्ठ्याची तलवार. तिकीट तपासणाऱ्याने तलवारीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढे गेला. आत पोहोचल्यावर पहिले दोन तास डोळे दिपतात. पुढच्या दोन तासांत कळतं की यातलं अर्धंअधिक दुकान आहे. टी-शर्ट, फिगर, किचेन, पोस्टर, रांगा. आपल्या खिशाला परवडतं ते एक स्टिकर. ‘कुठून आलात?’ ‘चंद्रपूर.’ ‘अरे, टायगर!’ हा संवाद त्या दिवशी चार वेळा झाला. (ताडोबाचं नाव झालंय ही चांगलीच गोष्ट, पण आम्हीसुद्धा तिथे राहतो.)

पण एक कोपरा होता. तिथे स्वतःची कॉमिक्स काढणारी पोरं-पोरी साध्या टेबलांमागे बसली होती. एकीने वीस पानांची गोष्ट झेरॉक्स काढून, स्टेपल मारून आणली होती. तिच्याशी आम्ही पाऊण तास भांडलो, नायकाला शेवटी मारायला हवं होतं की नाही यावर. दिवसभरात ना ओळखीचं कुणी भेटलं, ना कुणी सेलिब्रिटी दिसला. तरी परतीच्या गाडीत आम्ही बोललो ते फक्त त्या टेबलाबद्दल.

माझ्या मते कॉनचा जीव त्या टेबलात असतो. बाकीचा मॉल आहे, आणि मॉल आपल्याकडे आला नाही याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

बत्तीस टेबलं

जगातल्या सर्वात मोठ्या फॅन-मेळ्याची सुरुवात कशी झाली ते यासाठी सांगतो. टोकियोत कॉमिकेट नावाचा बाजार भरतो, वर्षातून दोनदा, लाखोंच्या गर्दीने. २१ डिसेंबर १९७५ ला तो पहिल्यांदा भरला तेव्हा एका सभागृहात फक्त ३२ गट होते आणि आले होते सुमारे सातशे जण. त्यात बहुतांश शाळकरी मुली होत्या. तेव्हाच्या प्रस्थापित मांगा-मेळाव्याशी बिनसल्यामुळे काही तरुण फॅननी हा वेगळा घाट घातला होता. त्यांनी एक तत्त्व ठरवलं आणि ते आजही सांगितलं जातं : इथे ग्राहक कुणी नाही. पुस्तक विकणारा, विकत घेणारा, टेबलं मांडणारा, सगळे सहभागी. मुलं स्वतः काढलेली, स्वतः छापलेली पुस्तकं आणत. त्यातूनच पुढे कितीतरी व्यावसायिक चित्रकार घडले.

‘कॉसप्ले’ हा शब्दही असाच फॅनच्या जगातून आलाय. १९८० च्या दशकात नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने ‘कॉश्च्युम’ आणि ‘प्ले’ जोडून तो रूढ केला.

३२ टेबलं. तुमच्या कॉलेजच्या एका हॉलमध्ये मावतील, आणि मधल्या वाटेत चहावालाही उभा राहील.

‘आपल्याकडे असं कल्चर नाही’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. वडशाला जा ना दिवाळीनंतर. झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांची ऑफिसं तिथे ओळीने आहेत, आणि गावोगावची माणसं तारखा घ्यायला येतात. मग गावात मंडई नाहीतर शंकरपट, आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. घराघरांत पाहुणे, लेकी माहेरी, त्याच गर्दीत सोयरिकीची बोलणी, भज्यांचा वास, थंडीत घोंगडी पांघरून बसलेले म्हातारे. लोकांना नट नावाने माहीत असतात, खलनायकाचे डायलॉग पाठ असतात, आणि विनोदी नट कुणाची नक्कल करतोय हे अख्ख्या मैदानाला कळतं. सरकारी अनुदानाच्या नाहीतर कंपनीच्या प्रायोजकत्वाच्या भरवशावर हे उभं राहिलेलं नाही, तिकिटावर उभं राहिलंय. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आपल्याला नाही लागलं.

रात्रभर जागणं, वेश करणं, डायलॉगवर शिट्टी मारणं, आवडत्या पात्रावरून भांडणं. यातलं कॉनमध्ये नसलेलं काय आहे, सांगा. फरक एवढाच की कॉलेजची पोरं मंडईला ‘गावठी’ म्हणून हसतात आणि कॉनला जाता येत नाही म्हणून हळहळतात.

टेबलावर ठेवायचं काय?

इथे एका चित्रपटाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीला फोटो द्यायचा आणि जिब्लीसारखं चित्र मिळवायचं, ही साथ अशी पसरली की नगरसेवकापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळे टपोऱ्या डोळ्यांचे झाले. ज्यांच्या शैलीची ती नक्कल होती त्या हायाओ मियाझाकींनी २०१६ मध्ये संगणकाने आपोआप हालचाल केलेलं ॲनिमेशन बघून भयंकर संताप व्यक्त केला होता, तो व्हिडिओही त्याच आठवड्यात पुन्हा फिरला. माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांनी त्या आठवड्यात आपला फोटो तसा करून घेतला त्यांच्यातल्या किती जणांनी ‘प्रिन्सेस मोनोनोके’ बघितला असेल?

१९९७ चा चित्रपट. लोखंड गाळणारी एक वस्ती आहे. तिच्या भट्ट्यांसाठी जंगल कापलं जातंय, डोंगर पोखरला जातोय. रानडुकरांचे, लांडग्यांचे देव चवताळलेत. अंगात लोखंडाची गोळी रुतलेला एक वराहदेव वेदनेने सैतान होऊन माणसांवर धावून येतो, आणि त्याला मारणाऱ्या अशिताकाच्या हातावर शाप चढतो. लांडग्यांनी वाढवलेली सान नावाची मुलगी वस्तीवर हल्ले करते. सोपी गोष्ट असती तर वस्तीची प्रमुख एबोशी खलनायिका ठरली असती. पण एबोशीने विकल्या गेलेल्या बायकांना सोडवून आणलंय, भात्यावर काम दिलंय. त्या तिथे पुरुषांना टोमणे मारत ताठ मानेने जगतात. आणि ज्यांना कुणी जवळ उभं करत नाही अशा, अंगभर पट्ट्या बांधलेल्या रोग्यांना तिने आपल्या बागेत जागा दिली आहे. ते कुष्ठरोगी आहेत. मियाझाकींच्या घरापासून जवळच कुष्ठरोग्यांची एक जुनी वसाहत आहे. चित्रपट अडला होता तेव्हा तिथे गेल्याचं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

आता लोखंड, डोंगरावरचा देव, जंगल, त्यातली माणसं आणि कुष्ठरोग्यांची वसाहत हे सगळं एका ठिकाणी ठेवून बघा. एटापल्ली तालुक्यातला सुरजागड. तिथलं लोहखनिज, ट्रकांच्या रांगा, रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली लाल धूळ. त्याच सुरजागडावर भरणारी ठाकूरदेवाची यात्रा. चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना, आणि ‘गडचिरोली देशाचं स्टील हब होणार’ ही घोषणा. इकडे वरोऱ्याला आनंदवन, जिथे बाबा आमटेंच्या महारोगी सेवा समितीने १९४९ पासून कुष्ठरोग्यांना काम आणि मान दोन्ही दिलं. तिकडे १९७३ पासून हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, जिथे प्रकाश आमटेंच्या अंगणात बिबट्याची पिल्लं वाढली. मियाझाकींना यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तरी हा चित्रपट आपल्या दोन जिल्ह्यांइतका दुसऱ्या कुठल्या जागेला लागू पडत असेल असं मला वाटत नाही.

आणि लागू पडतो म्हणजे सोपं उत्तर देतो असं नाही. तुमच्यातल्या कुणाचा भाऊ खाणीवर नोकरीला असेल, घरात पहिला पक्का पगार त्याचा येत असेल. कुणाच्या ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला असेल. दोघं एकाच वर्गात, कदाचित एकाच बाकावर. वर्गात या विषयावर बोलायची सोय नाही. बोललं की लगेच कोण कुणाच्या बाजूचा हे ठरतं, आणि आपल्या भागात असं ठरणं किती महाग पडू शकतं हे मी सांगायला नको. पण एबोशी बरोबर होती की सान, यावर तुम्ही दोन तास भांडू शकता. शेवटी सान जंगलात राहते, अशिताका वस्तीत, आणि तो तिला भेटायला जात राहणार असतो. हा शेवट पळवाट आहे की खरा? मुंबईच्या कॉनमध्ये सानचा मुखवटा घातलेली मुलगी छानच दिसेल. एटापल्लीच्या मुलीने तो घातला तर तिला त्यात काहीतरी सांगायचं असेल. ती गोष्ट आकड्यात येत नाही. ती टेबलावर ठेवावी लागते, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून.

अर्ज कसा करायचा

सरकारलाही हे खूळ आता कळलंय. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेच्या निमित्ताने ॲनिमे, मांगा आणि कॉसप्लेची देशपातळीवर स्पर्धा झाली, विद्यार्थ्यांसाठी वेगळे गट होते. ‘ॲनिमेशनमध्ये करिअर’ हे वाक्य आता भाषणांत ऐकू येईल. येऊ द्या, ज्याला जायचंय त्याने माहिती काढावी. पण सगळ्याच छंदाचं करिअर व्हायला हवं असं नाही, आणि नोकरीच्या आमिषाशिवाय पोरं एकत्र येऊच शकत नाहीत असंही नाही.

आपल्या हातातलं बोलू. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात व्यंगचित्राची स्पर्धा असते, कोलाज असतो, रांगोळी असते. चार-सहा चौकटींची चित्रकथा नसते. गोंडवाना विद्यापीठाखाली दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. ती एक स्पर्धा वाढवा म्हणून विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत निवेदन द्यायला पैसा लागत नाही.

दुसरं, गॅदरिंग. एक दिवस, एक हॉल. चित्रपट दाखवायच्या फंदात पडू नका. जाहीरपणे दाखवायचा तर हक्क असलेल्यांची परवानगी लागते, आणि शिवाय सगळ्यांनी बघितलेलाच असतो. चित्रं लावा, चित्रकथा ठेवा, वाद घाला, प्रश्नमंजूषा घ्या. कॉसप्लेसाठी महागडा फोम मागवायची गरज नाही, आपण बांबूच्या मुलखात राहतो. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गावात बुरडकाम करणारे काका आहेत. झोरोच्या तीन तलवारी ते कसे करतील ते त्यांना विचारून तर बघा. झाडीपट्टीच्या रंगभूषाकाराला एक दिवस बोलावलंत तर यूट्यूबवरचे सगळे धडे फिके पडतील.

दोन नियम मात्र दारावर मोठ्या अक्षरांत लावा. वेश केलेल्या कुणाचाही, विशेषतः मुलींचा, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. मुली घरून परवानगी काढून येतील की नाही हे पोस्टरवर नाही, याच नियमावर ठरेल. दुसरा : ‘सगळे फिलर बघितले का? मग कसली फॅन?’ अशी परीक्षा कुणाची घ्यायची नाही. पहिल्या कॉमिकेटला आलेल्या त्या शाळकरी मुलींची अशी परीक्षा कुणी घेतली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आणि हो, हॉलसाठी प्राचार्यांना अर्ज देताना ‘ॲनिमे कॉन’ असं लिहू नका. ‘हे काय असतं?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यात महिना जाईल. ‘चित्रकथा व वेशभूषा प्रदर्शन’ लिहा, तारीख टाका, आणि खाली किमान दहा जणांच्या सह्या घ्या. दहा जण कुठून आणायचे ते सुरुवातीलाच सांगितलंय : ग्रुपवरचे डीपी.